हारू नये, एवढंच

चिंतेची टंचाई असलेला माणूस वर्धा जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. उन्हाळ्यात विहिरीची, पावसाळ्यात न आलेल्या पावसाची, आणि तो आला की आता थांबत का नाही याची, अशी बारमाही सोय आमच्याकडे आहे. तरीही ही घरची चिंता पुरत नाही म्हणून जास्तीची थेट इंग्लंडातून मागवणारा जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि नशीब माझं, तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला त्यांची संत्र्याची बाग आहे, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी आहे, थोडी तूर आहे, आणि इंग्लंडातल्या एका बंदरगावची फुटबॉलची टीम आहे. 'आहे' असंच म्हणायचं, कारण भाऊजी तसंच म्हणतात. टीमचं नाव मी सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार. ज्या बड्या टीमांचे टी-शर्ट घालून वर्ध्याची पोरं मोटरसायकली उडवतात, त्यांतली ही नव्हे. ही पार चौथ्या पायरीवरची. त्या पायरीवर चोवीस टीमा असतात आणि दर वर्षी शेवटच्या दोघींना लीगच्या बाहेर काढतात. बाहेर काढतात म्हणजे काय होतं, हे भाऊजींनीच मला एकदा समजावून दिलं होतं. "झेडपीतून डायरेक्ट ग्रामपंचायतीत. मंग पुसते कोन?" गेली सहा वर्षं ही टीम त्या शेवटच्या दोघींच्या आसपास घुटमळते आहे, आणि गेली सहा वर्षं भाऊजींची झोप तिच्याबरोबर घुटमळते आहे.

हे लागलं कसं, असं सगळेच विचारतात. लागायला कारण मुलगी झाली. भाऊजींची एकुलती एक मुलगी नर्सिंगचं पुढचं शिकायला त्या गावात गेली होती. आयुष्यात पुलगावच्या पलीकडे एकटी न गेलेली पोरगी. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी ती बसची वाट पाहत त्या टीमच्या मैदानाच्या फाटकाशी उभी होती. पाऊस, थंडी, आणि बस काही येईना. फाटकाशी चहा विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला हाताला धरून आत नेलं, चहा दिला, पैसे घेतले नाहीत, मागच्या ओळीत बसवलं आणि गुडघ्यांवर स्वतःचं पांघरूण टाकलं. मुलीनं हे फोनवर सांगितलं, हसून सांगितलं आणि ती विसरून गेली. भाऊजी विसरले नाहीत. त्या दिवशी ती टीम तीन गोलांनी हरली होती, हेही त्यांनी विचारून घेतलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. दीड वर्षानं मुलगी शिक्षण संपवून ऑस्ट्रेलियाला गेली, तिथं तिचं लग्न झालं, ती रमली. आता तरी सुटाल, असं मी भाऊजींना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या तेरवीत जाऊन विनोद केला. "पोरीनं गाव सोडलं मनून आपुन बी ओळख बुजाची काय, साडूभाऊ? माही पोरगी भिजून राह्यली होती. त्याईनं तिले घरात घेतलं. मंग त्याईची वेळ खराब हाये तं आपुन तोंड फिरवाचं?"

तेव्हापासून भाऊजी सकाळी उठल्यावर आधी त्या बंदरगावचं हवामान बघतात, मग आपल्या बागेकडे जातात. रोहण्यात पारा पंचेचाळीसवर टेकलेला असतो, कुत्री नालीत जाऊन पडलेली असतात, आणि हा माणूस बाजेवर बसून म्हणतो, "तिकडं पानी हाये आज. गाऱ्यात आपले पोट्टे घसरतात." इंग्लंडात मार्चच्या शेवटी घड्याळं तासभर पुढे करतात, हे भाऊजींना पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं. त्यामुळे साडेआठची मॅच साडेसातलाच सुरू झाली आणि भाऊजी जेवून, हात धुऊन, निवांत बसेपर्यंत टीम दोन गोलांनी मागे होती. तो धक्का त्यांना पचलाच नाही. "जे लोकं घड्याय सरकवतात," ते पुढचे चार दिवस भेटेल त्याला सांगत होते, "त्याईचा डिफेन्स जाग्यावर कसा राहीन?"

ही मॅच टीव्हीवर दिसत नाही. मला वाटतं, त्या गावातल्या टीव्हीवरही दिसत नसेल. क्लबचं स्वतःचं काहीतरी रेडिओसारखं आहे, ते मोबाइलवर लागतं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ मॅचचं वर्णन करतात. भाऊजींचं इंग्रजी त्यांच्या काळच्या दहावीपुरतं. पण म्हाताऱ्याचे शब्द कळण्याची त्यांना गरजच पडत नाही. ते म्हाताऱ्याचा श्वास ऐकतात. मोबाइल ते रिकाम्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवतात, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि गंजावर कान लावून बसतात. "खोकलला. म्हंजे कॉर्नर भेटला." "खुर्ची वाजली, आयकलं? उठून उभा राह्यला बुढा." कूलरच्या घरघरीत हे बारकावे ऐकू येत नाहीत म्हणून मॅचच्या वेळी घरातला कूलर बंद. मे महिन्यात रोहण्याला कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पदरानं वारा घेत म्हणते, "माह्या लग्नात बी हे इतके घाबरले नव्हते. तवा तं मजेत लाडू खाऊन राह्यले होते."

घाबरट माणसाच्या हातांना काम लागतं. थंडीत मॅच असली की भाऊजी तुरीच्या शेंगा सोलतात आणि उन्हाळ्यात चिंचा फोडतात. मॅच जितकी बिकट, तितका हात जलद. ताईला स्कोअर विचारावा लागत नाही, ती टोपल्यात डोकावून पाहते. एका वर्षी टीम फारच खाली गेली तेव्हा त्या घरात इतकी चिंच झाली की आमच्या पिपरी मेघेच्या घरी, माझ्या कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मंडळींकडे आणि शेवटी आमच्या प्राचार्यांकडेही ती पोचली. प्राचार्यांनी विचारलं, यंदा झाडाला भरपूर आली वाटतं? मी हो म्हणालो. डिफेन्स ढिला होता, हे त्यांना कुठे समजावत बसू?

खेळाडूंना भाऊजी घरच्या पोरांसारखं वागवतात. त्या पोरांना याची गंधवार्ता नाही, हा भाग वेगळा. गोलकीपरचा गुडघा धरला तेव्हा भाऊजी करंजीच्या तेलाची बाटली घेऊन पोस्टात गेले. पातळ तेल असं जात नाही, असं तिथल्या बाईनं नीट समजावून सांगितलं. भाऊजी परत आले, बाजेवर बसले आणि ते तेल त्या पोराच्या नावानं स्वतःच्याच गुडघ्याला चोळायला लागले. रोज, तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात गोलकीपर मैदानात उतरला. भाऊजींनी त्याचं श्रेय घेतलं नाही. फक्त म्हणाले, "तेल चांगलं हाये."

सुरुवातीला गाव हसलं. मग गावाला सवय झाली, आणि आता तर गावालाच काळजी वाटते. पानठेल्यावर भाऊजी दिसले की कोणीतरी हळू आवाजात विचारतं, "काय भाऊ, वाचते काय यंदा?" आजारी माणसाची चौकशी करावी तसं. फक्त मला विचारायची बंदी आहे. त्याचं असं झालं की, एकदा मी त्यांच्या फाटकातून आत येता येता सहज "किती झाले?" म्हणालो आणि माझं वाक्य पुरं होतं न होतं तोच तिकडे आमच्या जाळीत चेंडू गेला. पुन्हा एकदा फोनवरून विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाऊजींनी माझ्यापुढे हात जोडले. "तुमी नका पुसत जाऊ जी. तुमची जीभ चांगली हाये, टाइम खराब हाये." मी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण खरं सांगतो, मी पुन्हा विचारलं नाही. म्हटलं, उगाच कशाला?

तर यंदा एप्रिल संपता संपता परिस्थिती अशी झाली. एकच मॅच उरली होती. तळाची टीम आधीच बाहेर गेली होती. बाहेर जायच्या दुसऱ्या जागेसाठी दोन टीमा होत्या: एक आमची, आणि एक आमच्याच मागे एका गुणानं. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. म्हणजे आमची जिंकली तर प्रश्नच मिटला. बरोबरीत सुटली तरी मिटला, फक्त मागच्या टीमनं तिची मॅच जिंकायला नको. आणि तिची मॅच होती अख्ख्या लीगमध्ये पहिली आलेल्या टीमशी. ती कशाला जिंकते? पानठेल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की बरोबरी पुरते. भाऊजींनी हे सगळं माझ्याकडून तीनदा कागदावर लिहून घेतलं, आणि गुरुवारी पहाटेच्या बसनं निघून पिपरी मेघेला माझ्या दारात येऊन उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा. म्हणाले, "गाडी काढा. गिरडले जाचं हाये. बाबाले सांगून येऊ."

गिरडच्या टेकडीवर बाबांचा दर्गा आहे, नवसाला पावणारा. मोटरसायकलवर दोघं निघालो. ऊन चढायच्या आत पोचू म्हटलं तरी मे महिन्यातलं ऊन कोणाची वाट पाहतं? टेकडीच्या पायऱ्या चढताना भाऊजी तीनदा थांबले. दोनदा दम लागला म्हणून आणि तिसऱ्यांदा मागायचं कसं याचा विचार करायला. आता इथं भाऊजींचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा माणूस कोणाकडे पुरतं मागतच नाही. पंगतीत भूक असली तरी "अर्धीच द्या" म्हणतो. पाहुणा म्हणून गेला तर पाणी सुद्धा "घोटभर" मागतो. देवाजवळ तर आणखीच कमी. त्यांच्या आईनं शिकवलेलं, की देवाजवळ बेताचं मांगावं, जास्त मांगतलं की नजर लागते. मी मागे उभा होतो. दर्ग्यात चादरीपुढे भाऊजींनी डोळे मिटले आणि मोठ्यानंच म्हणाले, "बाबा, शनिवारी आमची टीम हारू नये. एवढंच. जास्त नाई मांगत. हारली नाई तं पाच पायल्यांचे रोडगे करीन, येईन त्याले जेऊ घालीन." मला तेव्हाही वाटलं, की टोकावं. जिंकू दे म्हणा, भाऊजी, त्यात बाबाचं काय जातं? पण नवस बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये, आणि माझ्या जिभेचा लौकिक मी वर सांगितलाच आहे. उतरताना ते इतके हलके झाले होते, की पायथ्याशी त्यांनी स्वतः होऊन उसाचा रस मागितला, तोही पुरता ग्लासभर.

शनिवारी मला रोहण्याला बोलावणं आलं. कामही ठरवून दिलं. आमच्या मॅचकडे मी लक्ष द्यायचं नाही; माझ्या मोबाइलवर फक्त त्या मागच्या टीमचा स्कोअर उघडून बसायचं, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. साडेसातला अंगणात सतरंजी, मध्ये गंज, गंजात मोबाइल, बाजूला चिंचांचा ढीग. फाटकाबाहेर पानठेल्यावरची चारसहा मंडळी, आत यायला धजत नव्हती. अर्ध्या तासात आमच्यावर गोल झाला. चिंचा कडाकड वाजायला लागल्या. ताईनं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मधल्या सुट्टीत त्यांनी हात धुतले, गिरडच्या दिशेला तोंड केलं आणि "बाबा, बोललो होतो ना," एवढंच म्हणाले. आणि सुट्टी संपून दहा मिनिटं झाली असतील-नसतील, गंजातला म्हातारा असा ओरडला की फाटकाबाहेरची माणसं आत धावली. बरोबरी! भाऊजी उठले, बसले, पुन्हा उठले. मला म्हणाले, "तिकडं?" मी म्हणालो, "शून्य-शून्य." "मंग चांगलं हाये. नका बोलू आता."

मी बोललो नाही. आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी माझ्या हातातल्या मोबाइलवर त्या मागच्या टीमचा आकडा शून्याचा एक झाला.

पहिली आलेली टीम निवांत झाली होती, तिनं आपले चांगले खेळाडू घरीच ठेवले होते, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तो एक दिसला. मी मान वर केली. भाऊजींनी मला विचारलं नव्हतं. ते गंजावर वाकले होते, कपाळावरून घाम टपकत होता, आणि नेमका तेव्हाच आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली. सगळं अंगण थिजलं. भाऊजींनी डोळे मिटून मुठीत चिंच धरली. चेंडू बारवरून बाहेर गेला! मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कोणीतरी "बाबा की जय" म्हणालं, ताई देखील हसली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी. "पाह्यलं? हारू देत नाई तो." आणि मी मोबाइल पालथा घालून मांडीखाली धरून बसलेला. सांगू की नको? आता बरोबरी पुरणार नाही, आता जिंकायलाच हवं, हे सांगून ह्या माणसाला काय करता येणार होतं? ना त्याला धावता येत होतं, ना लाथ मारता येत होती. वर माझा टाइम खराब. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही, मुलाच्या बारावीच्या निकालाला सुद्धा नाही. शेवटच्या मिनिटाला आमच्या कोणीतरी मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर आला. म्हातारा "ओह्" म्हणाला आणि गप्पच झाला. भाऊजींनी ते हसून सोडून दिलं. "राहू द्या. बरोबरी पुरते आपल्याले." मग शिट्टी झाली.

भाऊजी उठून उभे राहिले. गिरडकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. सगळे त्यांच्याभोवती जमले, कोणी खांद्यावर थाप मारली. मग ते थांबले. गंजाकडे पाहत म्हणाले, "बुढा काऊन बोलत नाई?" कोणालाच कळेना. गंजातून नुसता माणसांचा गलबला येत होता, आणि तो आनंदाचा नव्हता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "साडूभाऊ, तिकडं किती?"

"एक-शून्य, भाऊजी."

"कोनाचा?"

"मागच्या टीमचा. जिंकले ते."

ते खाली बसले. कागद मागितला, तोच, ज्यावर मी तीनदा लिहून दिलं होतं, आणि बोट ठेवून वाचत गेले. मंडळी एकेक करून निघून गेली. ताईनं कूलर लावला. कागदाची घडी घालत भाऊजी म्हणाले, "हारू बी नाई देल्लं आन् जिंकू बी नाई देल्लं. जेवढं मांगतलं तेवढंच देल्लं बाबानं. त्याची काई चूक नाई. मीच कंजूस. जिंकू दे मनलो असतो तं काय बिघडलं असतं हो?" मी म्हणालो, "भाऊजी, असं नसते, खेळ आहे तो, तिकडचे पोट्टे चांगले खेळले." ते ऐकतच नव्हते. आई, इतकं बेताचं मागायला शिकवून गेलीस, त्याचं हे झालं, असं काहीतरी पुटपुटत होते. मला भरून आलं, आणि रागही आला. राग कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

तीन दिवस ते बागेत गेले नाहीत. चौथ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, त्या क्लबाले एक इंग्रजी चिठ्ठी लिवा. मजकूर त्यांनी सांगितला: खेळाडूंना बोलू नका, चूक माही हाये, मी कमी मांगतलं. मी होय होय म्हणत टाइप केलं. काय टाइप केलं ते इथे कबूल करतो: भारतातल्या वर्धा जिल्ह्यातून आम्ही तुमच्याबरोबर आहोत, एवढंच. मग त्यांना मराठीत त्यांनी सांगितलं तेच वाचून दाखवलं. उत्तर अजून आलेलं नाही. त्याच आठवड्यात मुलीचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला. ताईनं तिला सांगितलं, बाबा उदास आहेत, टीम बाहेर गेली. फोन स्पीकरवर होता. मुलगी म्हणाली, "कोणती टीम?" मग आठवून, "अय्या, ती! बाबा, तुम्ही अजून ऐकता ते?" मी भाऊजींकडे पाहण्याचं टाळलं. ते मात्र अगदी सहज आवाजात म्हणाले, "कदी कदी. तुहं बारकं कसं हाये? दात आले काय?" मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर आलो.

मला वाटलं, संपलं. तर पुढच्या बुधवारी निरोप: उद्या गिरडला यायचं, कणीक मळायला माणसं हवीत. ताईनं त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं होतं, की टीम वाचावी म्हणून नवस होता, ती वाचली नाही, मग फेडायचं काय? भाऊजी ठाम. "मी वाचव मनलो नव्हतो. हारू नये मनलो होतो. हारले काय? नाई. बाबानं त्याचं काम केलं, आता माहं हाये." या हिशोबापुढे माझी बावीस वर्षांची लॅब थंड पडली.

तर गुरुवारी टेकडीच्या पायथ्याशी, झाडाच्या सावलीत, पाच पायल्यांचा स्वयंपाक. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, म्हणजे कणकेचे गोळे, भाजून निघत होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. माझ्या भुवया जळल्या, ते असो. दर्शनाला आलेली माणसं बसत गेली: समुद्रपूरकडची दोन कुटुंबं, एक नवं जोडपं, काही फकीर, सुट्टीत मामाच्या गावी आलेली काही पोरं. भाऊजी स्वतः वाढत होते, आणि आज पहिल्यांदा मी त्यांना लोकांना "अर्धा कायले, पुरा घ्या, पोटभर मांगा" असा आग्रह करताना पाहिलं. एका म्हाताऱ्या माणसानं रोडगा तुपात चुरता चुरता विचारलं, "कायचा नवस होता जी? पोराचं लगन जमलं?"

"नाई जी," भाऊजी म्हणाले. "दूरचे काई लोकं हायेत आपले. त्याईची हार होऊ नये मनलो होतो."

"मंग? झाली नाई ना?"

"नाई झाली."

"मंग तं बरं झालं," म्हातारा म्हणाला. भाऊजींनी त्याच्या पानात आणखी एक रोडगा ठेवला आणि म्हणाले, "हो जी. बरं झालं."

पंगती उठल्यावर ते एकटेच वर गेले. मी भांडी घासणाऱ्यांत अडकलो होतो. उन्हं कलली तरी ते येईनात, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली आणि मी पायऱ्यांशी जाऊन उभा राहिलो. एकेक पायरी जपून उतरत, कठड्याला धरत ते आले. नवा नवस बोलून आले असणार, हे मला दिसतच होतं, आणि या खेपेला मागण्यात काही कमी पडू नये अशी माझी स्वतःचीच इच्छा होती. बंदी मोडून मी विचारलंच, "भाऊजी, यंदा काय मांगतलं? जिंकू दे मनले ना नीट?"

भाऊजींनी घाम पुसला.

"काईच नाई मांगतलं," ते म्हणाले. "त्याईचं नाव सांगतलं, गाव सांगतलं. मनलो, माहे लोकं हायेत, थंडी लय असते तिकडं, ध्यान ठेवजो."